फुप्फुसाच्या ऑपरेशनआधी आपला दम कसा मोजतात

मी सांगली डेपोत 31 वर्षं मेकॅनिक होतो. कॅन्सरमुळे माझ्या उजव्या फुप्फुसाचा वरचा लोब, म्हणजे वरचा कप्पा, मिरजेत काढला. ऑपरेशनचं मला काय सांगता येणार, मी झोपलेलो. त्याआधीच्या तपासण्या मात्र जागेपणी झाल्या, त्या सांगतो.

पहिली पीएफटी, म्हणजे फुप्फुसाची ताकद मोजायची तपासणी. नाकाला चिमटा, तोंडात पुठ्ठ्याची नळी. छाती भरून श्वास घ्यायचा आणि जीव खाऊन फुंकायचं, सहा सेकंद तरी. टेक्निशियन पोरगी ओरडत होती, "काका, फुंका, फुंका, अजून, अजून!" तीन वेळा नीट जमेपर्यंत सोडत नाहीत. पोटभर जेवून जाऊ नका, पट्टा ढिला ठेवा. इनहेलर चालू असेल तर किती तास आधी थांबवायचा ते नंबर लावतानाच विचारा. मी सवयीनं दोन पफ मारून गेलो आणि दुसऱ्या दिवशी परत जावं लागलं. रिक्षाभाडं गेलं, बायकोची बोलणी वेगळी.

रिपोर्टात दोन आकडे शोधा. एफईव्ही-वन म्हणजे पहिल्या सेकंदात बाहेर पडलेली हवा. डीएलसीओ म्हणजे फुप्फुसातून वायू रक्तात किती उतरतो ते. फुंकर जोरात निघाली म्हणून डीएलसीओ टाळू नका.

आता हिशोब. दोन्ही फुप्फुसांचे मिळून 19 भाग धरतात. उजव्या वरच्या लोबचे 3, मधल्याचे 2, खालच्याचे 5. डावीकडे वर 5, खाली 4. माझा एफईव्ही-वन माझ्यासारख्या निरोगी माणसाच्या 68 टक्के होता. 3 भाग गेले, उरले 16. अडुसष्ट गुणिले सोळा, भागिले एकोणीस: साधारण 57. डीएलसीओचंही असंच करायचं. दोन्ही 60 च्या वर उरत असतील तर सहसा पुढची दमाची परीक्षा लागत नाही. मी तीन टक्क्यांनी अडकलो. 30 च्या खाली गेलं तर थेट मास्क लावून सायकल.

30 ते 60 च्या मधल्यांना जिना किंवा शटल वॉक. जिना 22 मीटर उंच चढायचा. मी पुतण्याच्या अपार्टमेंटची पायरी टेपनं मोजली, 16 सेंटिमीटर. म्हणजे 138 पायऱ्या. आमच्या हॉस्पिटलला मजले तीनच, म्हणून शटल वॉक. दोन खुणांमध्ये 10 मीटरची फेरी, बीप वाजायच्या आत पलीकडे पोचायचं, आणि बीप दर मिनिटाला घाई वाढवते. 400 मीटर हवे होते. मी 43 फेऱ्या मारल्या, शेवटच्या तीन निव्वळ हट्टानं. कमी पडलो असतो तर सायकल होतीच: तिथं ऑक्सिजन वापराचा आकडा 20 च्या वर असला तर बिनघोर, 10 च्या खाली गेला तर सर्जन दुसरा मार्ग बघतात.

ही परीक्षा घरी एकट्यानं देऊ नका, पुतण्याच्या जिन्यावर तर नाहीच. सराव म्हणून मी आमराईत रोज अर्धा तास चाललो, डॉक्टरांना विचारून. कृष्णेच्या घाटावर गेलो नाही, पायऱ्या ओल्या असतात.

ईसीजी, टू-डी इको, रक्त या तपासण्या ठरलेल्याच. बिडी किती आणि कधी सोडली ते मात्र खरं सांगा. मी आधी "कधीतरी" म्हणालो. बायकोनं तिथंच "रोज एक बंडल" म्हणून दुरुस्त केलं. ऑपरेशनआधी निदान चार आठवडे तरी बंद हवी.

श्वासाच्या व्यायामाला तीन चेंडूंचं खेळणं देतात, ते फुंकायचं नसतं, हवा आत ओढून चेंडू वर धरायचे. पहिले चार दिवस मी उलटंच करत होतो. आणि नातवाला ते खेळायला देऊ नका, नळी चावून ठेवतो.