वारेचं गणित शिकू पाहणाऱ्यांसाठी

आमच्याकडे बाई बाळंत झाली की म्हाताऱ्या बायका आधी विचारायच्या, "वार पडली का?" वार म्हणजे पोटातल्या बाळाला नाळेवाटे पोसणारा अवयव, प्लॅसेंटा. पुढे गणितात एम.एस्सी. करून मी पीएच.डी.साठी मँचेस्टरला गेले आणि काम मिळालं ते याच वारेचं. तिच्या रक्तवाहिन्यांतून ऑक्सिजन, ग्लुकोज बाळाला कसे पोचतात, याचं मॉडेल करायचं.

पहिले काही आठवडे मी नुसती समीकरणं मांडत बसले. मग गटातल्या जीवशास्त्राच्या बाईंनी मला लॅबमध्ये नेलं आणि ट्रेमधली वार दाखवली. पूर्ण दिवसांची, अर्धा किलोच्या आसपास, ताटलीसारखी गोल. बाळाकडची बाजू गुळगुळीत, नाळेपासून रक्तवाहिन्या झाडाच्या मुळांसारख्या पसरलेल्या. नाळेत दोन धमन्या आणि एक शीर. शुद्ध रक्त शिरेतून बाळाकडे जातं, हे मला तिथे कळलं. आईचं आणि बाळाचं रक्त थेट मिसळत नाही: बाळाचं रक्त वारेतल्या बोटांसारख्या बारीक अंकुरांच्या आतल्या केशवाहिन्यांत, आईचं अंकुरांच्या बाहेर. मधला पडदा पातळ जागी जेमतेम काही मायक्रोमीटर (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रोमीटर). या विषयात येणाऱ्याने आधी हे डोळ्यांनी पाहावं, असं मला मनापासून वाटतं.

नंतरचा सगळा अभ्यास एका प्रश्नाभोवती फिरतो: अडतंय कुठे, प्रवाहात की पडद्यात? एसटी स्टँडवर गाडी पुरेसा वेळ थांबली तर भरूनच निघते. आणखी माणसं न्यायची तर गाड्या वाढवायच्या. ती घाईत निघत असेल तर दारं वाढवायची. रक्ताचंही तसंच. रक्त केशवाहिनीत किती वेळ असतं आणि पडदा ओलांडायला किती वेळ लागतो, याच्या गुणोत्तराला डॅमकोलर संख्या म्हणतात. कार्बन मोनॉक्साइड पडद्यापाशी अडतो, म्हणून पडद्याची क्षमता मोजायला तो वापरला गेला. ऑक्सिजनचं गणित हिमोग्लोबिनमुळे अवघड होतं, आणि ग्लुकोजला तर पडद्यातल्या वाहक प्रथिनांचा आधार लागतो. तिथे साधं विसरणाचं, म्हणजे दाट जागेकडून विरळ जागेकडे आपोआप पसरण्याचं (डिफ्यूजनचं), समीकरण पुरत नाही.

कागदावर हिशेब करायची सवय आधी लावा. ऑक्सिजनचा विसरणांक (तो किती वेगाने पसरतो याचं माप) पाण्यात साधारण 2×10⁻⁹ चौरस मीटर प्रतिसेकंद. 10 मायक्रोमीटर जायला अंतराचा वर्ग भागिले विसरणांक, म्हणजे 0.05 सेकंद. अंतर दुप्पट झालं की वेळ चौपट.

माझ्याकडून एकदा मोठी चूक झाली. सूक्ष्मदर्शकाच्या चित्रांवरून मोजलेला व्यास मी त्रिज्येच्या जागी टाकला. नळीतल्या प्रवाहाच्या पॉयझच्या नियमात त्रिज्येचा चौथा घात येतो, म्हणून प्रवाह 16 पट आला. आलेख सुरेख दिसत होता, त्यामुळे महिनाभर कुणालाच शंका आली नाही. तेव्हापासून प्रत्येक आकड्याशेजारी एकक आणि 'व्यास' की 'त्रिज्या' हे लिहिल्याशिवाय मी कोड चालवत नाही.

सुरुवात डॅनिश शरीरशास्त्रज्ञ ऑगस्ट क्रोघच्या केशवाहिनीच्या 1919 च्या मॉडेलपासून करा: एक नळी, भोवती ऊती. ते हाताने सोडवा, मग पायथन या संगणकभाषेत, आणि मगच सूक्ष्मदर्शकाच्या खऱ्या चित्रांतलं केशवाहिन्यांचं जाळं घ्या. वाढ खुंटलेल्या बाळांच्या वारेत अनेकदा केशवाहिन्यांच्या फांद्याच कमी असतात. त्या कमी फांद्यांमुळे बाळाला नेमकं किती कमी मिळतं, हे शोधायला मी या कामात अजून टिकून आहे.