सिंधुदुर्गातून गोव्यात बिऱ्हाड हलवताना

सावंतवाडी, दोडामार्ग, वेंगुर्ल्याकडून गोव्यात नोकरीला येणारा माणूस आधी पगार बघतो. वेर्णा, कुंडईच्या औद्योगिक वसाहतींत गावापेक्षा जास्त मिळतं, वीज महावितरणपेक्षा स्वस्त, पेट्रोल स्वस्त, महाराष्ट्रात वर्षाला २,५०० रुपयांपर्यंत जाणारा व्यवसाय करही इथे नाही. हे सगळं खरं. पण गोव्यातल्या सरकारी सवलती राहिलेल्या वर्षांवर मिळतात, आणि ती वर्षं कागदावर दिसावी लागतात. तिथेच बहुतेकांचं घोडं अडतं.

दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड ५ वर्षांच्या वास्तव्यानंतर मिळतं. तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख, मोठ्या कुटुंबाला ४ लाख रुपयांपर्यंत उपचार. तोवर बांबोळीच्या जीएमसीत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या सरकारी रुग्णालयात, तुम्ही बाहेरचेच, आणि बाहेरच्यांना तिथे २०१८ पासून शुल्क लागू झालंय. सरकारी नोकरीला १५ वर्षांचा निवासी दाखला आणि कोंकणी हवी. मालवणी बोलणाऱ्याला कोंकणी जड जात नाही, दाखला जातो.

घरातल्या बाईचा हिशेब वेगळा मांडा. लाडकी बहीण योजनेचे १,५०० रुपये महाराष्ट्रात राहणारीलाच. गोव्याच्या गृह आधार योजनेचेही १,५००च, पण १५ वर्षं राहिल्यावर. मधली वर्षं कोरडी. एसटीचं अर्धं तिकीटसुद्धा हद्दीपर्यंतच.

म्हणून पहिल्या महिन्यातच कागद लावून घ्या. भाडेकरार ११ महिन्यांचा असतो. दर वेळी नवा करा आणि जुने फेकू नका. मालकाकडून पोलीस ठाण्यात भाडेकरू पडताळणीचा अर्ज भरून घ्या, शिक्क्याची प्रत स्वतःकडे ठेवा. मालक टाळाटाळ करतात, पण पडताळणी न केल्यास दंड त्यांनाच होतो हे नीट सांगितलं की ऐकतात. मग आधारचा पत्ता बदला आणि मतदारयादीसाठी फॉर्म ८ भरा. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीसाठी मत गावात ठेवायचं आणि ५ वर्षांनी मामलेदाराकडे निवासी दाखला मागायचा, हे जमत नाही. यादीत नाव गावचं, वीजबिल मालकाच्या नावावर, मग तुम्ही इथे राहत होता याचा पुरावा काय?

एक मात्र घाईने करू नका. आई-वडील गावी राहणार असतील तर त्यांची नावं तिथल्या रेशनकार्डावरून काढू नका. महात्मा फुले जनआरोग्य योजनेचं ५ लाखांपर्यंतचं संरक्षण त्या कार्डावर चालतं. जे खरोखर गोव्यात येणार त्यांचीच नावं कमी करा. जातीचा महाराष्ट्रातला दाखलाही गोव्यातल्या आरक्षणाला चालत नाही; मुलांचे पुढचे प्रवेश त्या हिशेबाने बघा.

मुलांच्या शाळेवरून सगळ्यात जास्त गोंधळ होतो. गोव्यातल्या गावागावांत सरकारी मराठी प्राथमिक शाळा आहेत, पण चौथीपर्यंत. पाचवीपासून बहुतेक ठिकाणी इंग्रजी माध्यम. जिल्हा परिषदेच्या शाळेतून सहावी-सातवीला आणलेलं पोर हुशार असूनही विज्ञान-गणितात गप्प बसतं, कारण शब्दच ओळखीचे नसतात. हलवायचंच तर पाचवीआधी हलवा. नववीत असेल तर दहावी गावीच होऊ द्या. २०२५ पासून गोव्यात सहावी ते दहावीचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं, आपल्याकडे जूनमध्ये. मे महिन्यात चौकशीला गेलात तर उशीर झालेला असतो. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी घेऊन या, नाहीतर एका सहीसाठी परत ओरोसला, जिल्ह्याच्या मुख्यालयाला, खेप पडते.

खोली कळंगुट-कांदोळीला बघू नका. पावसाळ्यात स्वस्तात मिळते आणि ऑक्टोबरात पर्यटक आले की रिकामी करायला सांगतात. म्हापसा, थिवी, डिचोली बरी. जमीन घ्यायचा विचार आत्ताच नको. घेतलीत तर सातबाऱ्याच्या जागी इथे एक-चौदाचा उतारा बघावा लागतो, आणि गोव्याच्या नागरी कायद्यामुळे विकणाऱ्याच्या बायकोची सही नसेल तर व्यवहार अडकतो.

एमएच-०७ची गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ इथे ठेवायची असेल तर फॉर्म २८ भरून सिंधुदुर्ग आरटीओची एनओसी घ्या. थकलेलं चलन असेल किंवा कर्जाच्या बँकेचं पत्र नसेल तर अर्ज तिथेच थांबतो. गोव्यात कर भरल्यावर जुन्या कराचा परतावा मागायचा असतो, तो बरेच जण विसरतात.

नोकरी मोप विमानतळावर किंवा पेडण्याच्या बाजूला असेल तर माझ्या मते बिऱ्हाड हलवूच नये. बांदा किंवा सातार्ड्यात राहून ये-जा करा: रेशनकार्ड, शाळा, लाडकी बहीण सगळं जागेवर राहतं आणि पेट्रोल गोव्यात भरता येतं. फक्त घरी परतताना डिकीत दारूची बाटली ठेवू नका. इन्सुलीच्या नाक्यावर तपासणी असते.