अपग्रेडनंतर कॉम्प्युटर स्लीपमधून आपोआप जागा होतोय? असं शोधा कारण

रात्री स्लीपला टाकलेला कॉम्प्युटर सकाळी पंखा घरघरत चालू सापडतो. विंडोज ११वर गेल्यावर ही तक्रार हमखास ऐकू येते, आणि त्यावरचे सल्लेही ठरलेले: ‘विंडोज पुन्हा टाका’, नाहीतर ‘स्लीप बंदच करून ठेवा’. दोन्ही ऐकू नका. अपग्रेडमध्ये ड्रायव्हर (कॉम्प्युटरचे भाग चालवणारी छोटी सॉफ्टवेअर) बदलू शकतात आणि त्यांच्यासोबत तुमची काही जुनी सेटिंग्जही पुसली जाऊ शकतात. बहुतेक वेळा गोम तिथेच असते.

१. राहिलेले अपडेट टाका, रीस्टार्ट करा. ग्राफिक्स आणि चिपसेटचे ड्रायव्हर बनवणाऱ्या कंपनीच्याच साइटवरून घ्या. उठवल्यावर स्क्रीन काळीच राहत असेल, तर पहिला संशय ग्राफिक्स ड्रायव्हरवर घ्या. ड्रायव्हर आपोआप शोधून देणारी फुकट सॉफ्टवेअर मात्र टाकू नका.

२. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग पॉवर. स्लीपची मिनिटं तपासा.

३. कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे कमांड टाइप करायची विंडो, ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा. पुढची प्रत्येक कमांड ‘पॉवरसीएफजी’ने (powercfg) सुरू होते, मग एक स्पेस, स्लॅश आणि पुढचा शब्द, सगळं इंग्रजीत. कॉम्प्युटर झोपतच नसेल तर ‘रिक्वेस्ट्स’ लिहा. कोणता प्रोग्रॅम किंवा ड्रायव्हर त्याला जागं ठेवतोय ते नावासकट दिसतं.

४. झोपून मध्येच उठत असेल, तर उठवणारा शोधा. इथे घाई करू नका.

माझ्या डेस्कटॉपने इथेच मला दोन आठवडे छळलं. मी मिनिटं बदलली, पॉवर प्लॅन मूळ स्थितीत आणला, तरी रोज पहाटे तो चालूच. ‘लास्टवेक’ ही कमांड दिली की माउसचं नाव यायचं, म्हणून माउसही बदलून पाहिला. चूक अशी होती की ही कमांड फक्त शेवटचं उठणं सांगते. कॉम्प्युटर पहाटे उठून परत झोपला होता, आणि सकाळी त्याला माउस हलवून उठवणारा मीच होतो.

म्हणून रात्रीचा हिशेब इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, बघा. विंडोज लॉग्ज, त्यात सिस्टिम, आणि तिथे ‘पॉवर-ट्रबलशूटर’ या नावाच्या नोंदी. प्रत्येक नोंदीत झोपल्याची वेळ, उठल्याची वेळ आणि शेवटी ‘वेक सोर्स’, म्हणजे उठवणारा, असतो. माझ्याकडे पहाटेच्या प्रत्येक नोंदीत एकच नाव होतं: नेटवर्क कार्ड. नव्या ड्रायव्हरने कॉम्प्युटर उठवण्याची परवानगी पुन्हा चालू केली होती.

‘वेक सोर्स’समोर ‘अननोन’ आलं तर ‘डिव्हाइसक्वेरी’, एक स्पेस आणि ‘वेक_आर्म्ड’ असं लिहा. उठवण्याची परवानगी असलेल्या उपकरणांची यादी मिळेल. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या उपकरणाच्या प्रॉपर्टीज उघडा आणि पॉवर मॅनेजमेंट टॅबमधली कॉम्प्युटर उठवण्याच्या परवानगीची खूण काढा. एका वेळी एकच उपकरण, आणि प्रत्येकाला एक पूर्ण रात्र द्या. सगळ्या खुणा एकदम काढल्या तर गुन्हेगार कोण ते कधीच कळणार नाही, आणि कीबोर्डनेही कॉम्प्युटर उठेनासा होईल. नेटवर्कवरून दुरून कॉम्प्युटर चालू करायची गरज असेल, तर परवानगी ठेवा, पण फक्त ‘मॅजिक पॅकेट’ने, म्हणजे उठवण्यासाठीच पाठवलेल्या खास संदेशाने, उठण्याची खूण करा.

५. नोंदीत टायमर, म्हणजे ठरलेल्या वेळी उठवणारा गजर, दिसला, तर ‘वेकटायमर्स’ कमांडने तो कोणाचा ते बघा. पॉवर प्लॅनच्या ॲडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये, स्लीपखाली, वेक टायमर बंद करता येतात.

६. लॅपटॉप झाकण लावूनही बॅगेत तापत असेल, तर स्लॅशपुढे नुसतं ‘ए’ हे अक्षर लिहून पाहा. स्लीपच्या उपलब्ध प्रकारांत ‘एस०’ दिसला, तर तो लॅपटॉप स्लीपमध्येही थोडं काम करत राहतो. रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या साठ्यात) फेरफार करून जुना, गाढ झोपेचा ‘एस३’ प्रकार परत आणा, असं सांगणारे पुष्कळ भेटतील. फर्मवेअरमध्ये (लॅपटॉपच्या आतच बसवलेल्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) त्याची सोयच नसेल तर लॅपटॉप झोपेतून परत उठेलच असं नाही, आणि मग बटण दाबून धरून बंद करताना न साठवलेलं काम जातं. त्यापेक्षा झाकण लावल्यावर हायबरनेट होईल, म्हणजे चालू काम डिस्कवर साठवून पूर्ण बंद होईल, असं सेटिंग करा. उठायला थोडा जास्त वेळ लागतो, पण बॅटरी जवळपास होती तेवढीच राहते.