सेंट्रल न्यूरोसायटोमा आणि माझी फ्रोझनवाली चूक

न्यूरोसर्जरीला नवीन लागलेल्यांसाठी लिहितोय, एमआरआय वाचता येतो असं धरून.

पंचविशीतला पेशंट, डोकेदुखी, सकाळी उलट्या, नजर धूसर, आणि तोपर्यंत मायग्रेनच्या गोळ्या चालू. आधी फंडस, म्हणजे डोळ्याचा पडदा, बघा. मग स्कॅनवर लॅटरल व्हेंट्रिकलमध्ये फोरामेन ऑफ मन्रोपाशी, सेप्टम पेल्युसिडमला चिकटलेली साबणाच्या फेसासारखी गाठ दिसली की सेंट्रल न्यूरोसायटोमा हे नाव डोक्यात यायलाच पाहिजे. सगळ्या ब्रेन ट्यूमरमध्ये अर्धा टक्काच असेल, म्हणून येत नाही. मलाही नाही आलं.

फ्रोझन, म्हणजे ऑपरेशन चालू असताना तुकडा गोठवून केलेली घाईची तपासणी, आलं, ऑलिगोडेंड्रोग्लिओमा, वेगळ्याच जातीची मेंदूची गाठ. मी ओटीतून टोपी न काढताच बाहेर आलो आणि पेशंटच्या आईला सांगून टाकलं की रेडिएशन लागेल, केमो लागेल, त्या फाईलचा कोपरा दुमडत ऐकत राहिल्या. आठवड्याने सिनॅप्टोफायसिन, न्यूरॉनच्या वळणाच्या पेशी दाखवणारा स्टेन, पॉझिटिव्ह, म्हणजे न्यूरोसायटोमाच. दोन्हीत पेशी सेम दिसतात हो, गोल केंद्रक, भोवती मोकळी कडी, हाफ फ्रायसारखी, साध्या स्टेनवर भलेभले फसतात. १९८२ साली हासून आणि सहकाऱ्यांनी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली या पेशी न्यूरॉनच्या वळणाच्या आहेत हे दाखवलं, त्याआधी अशा गाठी ऑलिगो किंवा एपेंडिमोमा म्हणूनच खपायच्या, म्हणजे चूक जुनीच. ऑलिगो म्हणायला आयडीएच म्युटेशन आणि १पी/१९क्यू कोडिलीशन हे दोन्ही जनुकीय बदल लागतात, ते न बघता ट्रीटमेंट बोलूच नका.

नोट्स पाठ करून हे येत नाही. मायक्रोस्कोपपाशी बसवून घेणारा पॅथॉलॉजिस्ट मिळाला तर त्याला सोडू नका, दहा ऑपरेशन व्हिडिओंपेक्षा तो भारी.

घाबरू नका पण, ग्रेड २ आहे, पूर्ण निघाली तर बहुतेक वेळा नुसतं फॉलोअप. राहिलेली वाढत असेल, किंवा एमआयबी-१, म्हणजे किती पेशी वाढतायत त्याचा आकडा, दोन टक्क्यांच्या वर असेल, तर रेडिओसर्जरीचा विचार. ट्रान्सकॅलोसल जा नाहीतर ट्रान्सकॉर्टिकल, फॉर्निक्स आणि थॅलॅमोस्ट्राएट व्हेन जपा, स्मरणशक्ती गेलेला तरुण पेशंट बघवत नाही. गाठ निघाली म्हणून हायड्रोसेफॅलस, म्हणजे व्हेंट्रिकलमध्ये साचलेलं पाणी, मिटला असंही नाही, व्हेंट्रिकलमध्ये रक्त साकळतं, ड्रेन घाईने काढू नका.

त्या आईंना परत बसवून खरं सांगितलं तेव्हा म्हणाल्या, "मग डॉक्टर, तेव्हा कशाला बोललात?" उत्तर नव्हतं. आता फ्रोझननंतर बाहेर येऊन एवढंच सांगतो, गाठ काढलीय, नाव आठवड्याने कळेल.