गिटार किट जोडताय? रंगाची घाई करू नका, या चुका टाळा

इलेक्ट्रिक गिटारच्या सुट्या भागांचा, म्हणजे किटचा खोका घरी आला की पहिला प्रश्न रंगाचा निघतो. लाल करायची, काळी करायची, की लाकूड तसंच दिसू द्यायचं? माझ्या पहिल्या गिटारच्या वेळी मी दुसऱ्याच दिवशी सोलापूरच्या नव्या पेठेत जाऊन पॉलिश पेपर, सीलर (लाकडाची छिद्रं बुजवणारा थर) आणि लॅकर (वरचा चकचकीत थर) घेऊन आलो. आठ दिवस बॉडी रंगवली. रंग सुरेख चढला. मग नेक, म्हणजे गिटारची मान, बसवायला घेतला, तर तो बॉडीच्या खाचेत जाईना, कारण खाचेतही मी लॅकरचे थर चढवले होते. जोर लावला आणि खाचेच्या कोपऱ्यापासून रंगाला बोटभर चीर गेली.

तेव्हापासून मी सगळ्यांना एकच सांगतो : रंगाच्या आधी गिटार एकदा पूर्ण जोडा, तारा चढवा, वाजवा. मग सगळी सुटी करा आणि रंगाला हात घाला. किटमधल्या बहुतेक चुका या कोरड्या जोडणीतच सापडतात, आणि कच्च्या लाकडावर त्या दुरुस्त करता येतात.

कोरड्या जोडणीत काय बघायचं

बहुतेक स्वस्त किट फेंडर कंपनीच्या टेलिकास्टर किंवा स्ट्रॅटोकास्टर या गिटारींच्या वळणाची असतात. लिओ फेंडर मुळात रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. १९५० च्या सुमारास त्याने नेक गोंदाने चिकटवण्याऐवजी स्क्रूने बसवला, त्यामुळे कुठलाही भाग पेचकसाने काढून बदलता येतो. आपल्याला घरी गिटार जोडता येते ती याच रचनेमुळे.

या गिटारींची स्केल लांबी, म्हणजे तारेच्या वाजणाऱ्या भागाची लांबी, ६४८ मिलिमीटर असते. नटपासून (नेकच्या टोकाची खाचांची पट्टी) बाराव्या फ्रेटपर्यंत (फ्रेट म्हणजे नेकवरची धातूची आडवी तार) ३२४ भरले पाहिजेत, आणि बाराव्या फ्रेटपासून पहिल्या, म्हणजे सगळ्यात बारीक तारेच्या सॅडलपर्यंत (बॉडीवरच्या ब्रिजवर तार टेकते तो सरकता तुकडा) जवळपास तेवढेच. जाड तारांचे सॅडल थोडे मागे जातात, म्हणून मागे सरकायला जागा आहे ना हे बघूनच ब्रिजची भोकं पाडा. किटमध्ये भोकं आधीच पाडलेली असली तरी मोजा. त्यानंतर फक्त दोन कडेच्या तारा लावा. एखादी तार फ्रेटबोर्डच्या काठावरून घसरत असेल तर नेकचे स्क्रू थोडे सैल करा, नेक हलकेच हवा त्या बाजूला दाबा आणि पुन्हा आवळा. दोन मिनिटांचं काम आहे, पण रंगानंतर यातच ओरखडे पडतात.

स्क्रू थेट लाकडात कधीच घुसवू नका. आधी स्क्रूच्या गाभ्याएवढ्या बिटने भोक पाडा, बिटवर चिकटपट्टी गुंडाळून खोलीची खूण करा आणि स्क्रूला साबण किंवा मेण चोळा. ट्यूनरचे, म्हणजे तारा पिळायच्या खुंट्यांचे, स्क्रू फार बारीक असतात. मेपलच्या कडक लाकडात त्यांचं डोकं तुटलं की उरलेला तुकडा काढणं जिवावर येतं.

सोलापूरची हवा विसरू नका

किट तयार होतं दमट प्रदेशात आणि उघडलं जातं आपल्याकडे, एप्रिल-मेच्या चाळिशीपारच्या कोरड्या उन्हात. लाकूड आकसतं, फ्रेटची धातूची तार आकसत नाही. पंधरा दिवसांत फ्रेटची टोकं फ्रेटबोर्डच्या कडेबाहेर येतात आणि हात फिरवला की करवतीसारखी लागतात. लोकांना वाटतं किट खराब निघालं. तसं नसतं. नेक दोन-तीन आठवडे घरातच राहू द्या, आकसायचं ते आकसू द्या, आणि मगच फ्रेटबोर्डला चिकटपट्टी लावून बारीक कानशीने टोकं तिरकी घासा. आल्या आल्या घासलीत तर महिन्याभरात पुन्हा घासावी लागतील.

रंगातल्या चुका

वरच्या बाजूला शिरांचं सुंदर नक्षीकाम दिसणारं किट असेल, तर ते बहुधा अर्ध्या मिलिमीटरचं व्हिनियर, म्हणजे वर चिकटवलेला लाकडाचा पापुद्रा, असतं. तिथे मशीन लावू नका. २४० आणि मग ३२० नंबरचा पॉलिश पेपर, हाताने, शिरांच्या दिशेने. कडांवर दोन-चार हलके हात पुरे. व्हिनियर एकदा आरपार गेलं की वर गडद रंग देण्यावाचून मार्ग उरत नाही.

रंग देण्याआधी ओल्या फडक्याने बॉडी पुसा. कारखान्यातून आलेला गोंदाचा डाग असेल तर तिथलं लाकूड फिकट राहतं आणि लगेच दिसतं. तो आत्ताच घासून काढला नाही, तर स्टेन (लाकडात मुरणारा रंग) तिथे धरत नाही.

भर दुपारी गच्चीवर लॅकर मारू नका. उन्हात ते पसरायच्या आधीच वाळतं आणि पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत होतो. पावसाळी हवेत उलटं होतं, दमटपणा आत अडकून पांढुरकी झाक येते. सकाळी लवकर, सावलीत, पातळ थर द्या. आणि तुमचं घर साखर पेठेच्या बाजूला, यंत्रमागांच्या शेजारी असेल तर सुताच्या कणांची आठवण ठेवा. डोळ्यांना दिसत नाहीत, पण ओल्या लॅकरवर बसले की केसासारखे उठून दिसतात. मी रविवारी पहाटे, माग बंद असताना रंगवतो. आधी फरशीवर पाणी शिंपडतो म्हणजे धूळ खाली बसते.

गुरगुर कुठून येते

सगळ्यात जास्त लोक अडतात ते इथे. बाळीवेशीजवळचा एक मुलगा टेलिकास्टरच्या वळणाची गिटार घेऊन आला. म्हणाला, "दादा, वाजतेय चांगली, पण नुसती गुरगुरते ओ. पिकअप बदलू का?"

पिकअपला (तारांचं कंपन पकडणाऱ्या चुंबक-कॉइलला) हात लावायच्या आधी बोटाने तपासा. अ‍ॅम्प चालू ठेवून तारांना हात लावा. गुरगुर कमी झाली तर जोडणी बरोबर आहे. उरलेली कमी करायला आतल्या पोकळ्यांना तांब्याची पट्टी चिकटवा, पट्ट्यांचे सांधे सोल्डरने जोडा आणि पट्टी ग्राउंडला (सर्किटच्या समाईक वायरीला) जोडा. हात लावल्यावर गुरगुर वाढली तर बहुधा जॅकवरच्या (गिटारमध्ये केबल लागते तिथल्या) दोन वायरी उलट्या लागल्या आहेत. आणि तारांना हात लावून काहीच फरक पडत नाही, पण जॅकच्या धातूला लावल्यावर कमी होते, म्हणजे ब्रिजची ग्राउंड वायर तुटलेली आहे किंवा टेकत नाही.

त्या मुलाच्या गिटारचं हेच होतं. आम्ही ब्रिज उचलला. वायर होती, पण ती लॅकरच्या थरात अर्धी बुडालेली, आणि ब्रिजच्या पत्र्याखालीही रंग लागलेला. पात्याने वायर खरवडली, तिचे तंतू पंख्यासारखे पसरले, पत्र्याची खालची बाजू धातू दिसेपर्यंत घासली आणि ब्रिज परत आवळला. गुरगुर थांबली. नवा पिकअप लागला नाही.

आवाजच येत नसेल तर मल्टिमीटर घ्या. व्हॉल्यूम पूर्ण ठेवून, गिटारला लावलेल्या केबलच्या मोकळ्या प्लगचं टोक आणि त्याची बाहेरची नळी यांच्यात मोजलं की सिंगल कॉइल (एका कॉइलच्या) पिकअपला साधारण ५ ते ७ किलोओहम दिसतात, हंबकरला (दोन कॉइलच्या) बहुधा त्याहून जास्त. शून्य दिसलं तर कुठेतरी गरम, म्हणजे सिग्नलची, वायर ग्राउंडला टेकली आहे. बहुतेकदा जॅकची पाकळी तांब्याच्या पट्टीला चिकटलेली असते. पॉटच्या (व्हॉल्यूमच्या बटणाखालच्या भागाच्या) पाठीवर सोल्डर धरत नसेल तर आधी तिथे पॉलिश पेपर घासा. पंचवीस वॅटच्या आयर्नने मिनिटभर तापवत बसण्यापेक्षा चाळीस-साठ वॅटने तीन-चार सेकंदांत काम उरका, नाहीतर पॉट आतून जळतो.

एक गोष्ट मात्र गिटारची नाही. तारांना हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर लगेच थांबा. जुन्या घरांत अनेकदा अर्थिंगच नसतं. अ‍ॅम्पच्या प्लगची तिसरी पिन काढून टाकू नका, आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा.

शेवटची जुळणी

ट्रस रॉड (नेकच्या आतली, त्याचा बाक कमी-जास्त करणारी सळई) एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही, आणि फिरवल्यावर गिटार पुन्हा सुरात आणून मोजा. पहिला फ्रेट आणि नेक बॉडीला मिळतो तिथला फ्रेट दाबून धरला की सातव्या-आठव्या फ्रेटवर ०.२ ते ०.२५ मिलिमीटर फट हवी. गॅरेजवाले टॅपेट सेट करायला वापरतात ते फिलर गेज इथे चालतं. बाराव्या फ्रेटवर तारेची उंची दीड ते दोन मिलिमीटर ठेवा. बाराव्या फ्रेटवर दाबलेला सूर तिथल्याच हार्मोनिकपेक्षा (तार न दाबता नुसता स्पर्श करून काढलेल्या सुरापेक्षा) चढा लागला तर सॅडल मागे घ्या, उतरता लागला तर पुढे. हे नव्या तारांवरच करा.

मे महिन्यात बसवलेली ही मापं पाऊस सुरू झाल्यावर पुन्हा घ्या. पहिल्या वर्षी लाकूड बरंच हलतं, आणि जुलैत तारा फ्रेटवर खडखडायला लागल्या किंवा उंच वाटल्या तर नट घासायला जाऊ नका. आधी फिलर गेज काढा.