फिलिपिन्समधल्या स्पॅनिश काळातली बाप्तिस्म्याची नोंद कशी वाचावी

एकोणिसाव्या शतकातल्या फिलिपिन्समध्ये कुठलं कुटुंब समाजाच्या कोणत्या थरात होतं हे शोधायचं असेल, तर चर्चची बाप्तिस्म्याची वही आधी उघडा. मजकूर ठरावीक साच्यातला असतो, त्यामुळे स्पॅनिश बेताचं असलं तरी काम भागतं.

आधी तारीख बघा. वरची तारीख बाप्तिस्म्याची असते आणि बाळ किती दिवसांचं ते पुढे लिहितात, म्हणून जन्मतारीख वजाबाकी करून काढावी लागते. कालांबा गावात होसे रिसालचा (फिलिपिन्सचा राष्ट्रनायक) बाप्तिस्मा २२ जून १८६१ ला झाला, जन्म १९ जूनचा. ३१ डिसेंबर १८४४ ची नोंद शोधत बसू नका. शेजारच्या आशियाई देशांशी तारीख जुळावी म्हणून तो दिवस तिथे गाळला गेला, सोमवार ३० नंतर थेट बुधवार १ जानेवारी आला. त्याआधीचे मनिलाचे कागद मकाऊच्या (चीनच्या किनाऱ्यावरची पोर्तुगीज वसाहत) कागदांशी जुळवताना मनिलाची तारीख एक दिवस मागे असते.

बहुतेक जण आडनावापासून सुरुवात करतात आणि तिथेच फसतात. २१ नोव्हेंबर १८४९ ला गव्हर्नर क्लावेरियाने आडनावांची छापील यादी वाटली. चार पिढ्या चालत आलेलं नाव तेवढं ठेवता येत असे. काही प्रांतांत यादीची पानंच गावोगाव वाटली गेली, म्हणून आल्बाय प्रांतातल्या ओआसमध्ये ‘र’ने सुरू होणाऱ्या आडनावांची गर्दी दिसते. तेव्हा स्पॅनिश आडनाव म्हणजे स्पॅनिश रक्त, असं धरू नका. त्या सालाआधी तर बापलेकांची आडनावंही वेगळी सापडतात.

खरा धागा बारांगायचा. आईवडिलांच्या नावाजवळ ‘दोन अमुकच्या बारांगायमधले’ असं लिहिलेलं असतं (इथला ‘दोन’ म्हणजे आकडा नव्हे, नावाआधी लावायची Don ही मानाची पदवी). हे बारांगाय म्हणजे आजच्यासारखी वस्ती नव्हे, तर एका काबेसाच्या (गटप्रमुखाच्या) हाताखाली कर भरणाऱ्या कुटुंबांचा गट. एकाच गावात चार होसे आणि चार मारिया असल्या की त्यांना वेगळं ओळखायला काबेसाचंच नाव उपयोगी पडतं. काबेसा बदलतात, म्हणून सालवार यादी करत चला. वडिलांच्या नावाआधी ‘दोन’ असेल तर कुटुंब बहुधा प्रिन्सिपालियातलं, म्हणजे गावच्या मानकऱ्यांतलं. ‘इंदियो’ (स्थानिक वंशाचा) आणि ‘मेस्तिसो सांगले’ (चिनी वंशाचा मिश्र) हे शब्द जसेच्या तसे उतरवून घ्या, कारण कर त्यांवर ठरायचा.

शिक्षणाचा माग या वहीत लागत नाही, इथे सही फक्त पाद्रीची. त्यासाठी मनिलाच्या राष्ट्रीय अभिलेखागारातली गोबर्नादोरसियोच्या (गावच्या प्रमुखाच्या) निवडणुकीची कागदपत्रं काढा. त्यांत मतदारांच्या सह्या भेटतात. काही सह्या सफाईदार, काही एकेक अक्षर कोरल्यासारख्या. पण सही नाही म्हणजे निरक्षर, असा निष्कर्ष काढू नका. चर्चच्या शाळांत आधी स्थानिक भाषेतली प्रार्थना वाचायला शिकवत, लिहिणं नंतर यायचं, कित्येकांना यायचंच नाही. २० डिसेंबर १८६३ च्या हुकुमाने प्रत्येक गावात मुलांची एक आणि मुलींची एक शाळा ठरली, शिकवणं स्पॅनिशमधून, देखरेख मात्र पाद्रीकडेच. मनिलात शिक्षक घडवणारी जेझुइटांची शाळा १८६५ ला सुरू झाली. म्हणून १८५० ची सही आणि १८८५ ची सही एका मापाने मोजता येत नाही.

बायका या निवडणुकांत नसत. त्यांच्यासाठी नोटरीकडची मृत्युपत्रं आणि जमिनीची खरेदीखतं चाळा. सही येत नसेल तर ‘पोर नो साबेर फिर्मार’ असं लिहून दुसऱ्याने सही केलेली असते.