छावणीचा सुरक्षा-नकाशा बायकांकडून काढून घ्या

मणिपूरमध्ये मे २०२३ मध्ये हिंसाचार उसळला आणि शाळा-कॉलेजांत मदत छावण्या उभ्या राहिल्या. अशा ठिकाणी सुरक्षा म्हणजे फाटकावरचा बंदूकधारी, एवढंच धरलं जातं. बायकांना विचारा, त्या आधी संडासाची कडी दाखवतील.

बैठक फक्त बायकांची, आठ-दहा जणींची. किशोरींची वेगळी, सुनांची वेगळी. सासूसमोर सून बोलत नाही. जमिनीवर खडूने छावणी काढा, भीतीच्या जागी खडे ठेवायला सांगा. ‘तुझ्यावर काय गुदरलं?’ हे विचारूच नका. ‘बायका कुठे जायचं टाळतात?’ एवढं पुरे. नकाशाचा फोटो ग्रुपवर टाकू नका, लपायच्या जागाही त्यात असतात.

मग अंधार पडल्यावर टॉर्च घेऊन नकाशावरच्या त्याच भीतीच्या जागांवरून चाला. स्फिअर मानकं, म्हणजे मदतकार्याचे आंतरराष्ट्रीय किमान निकष, हाताशी ठेवा: २० जणांमागे एक संडास, बायकांसाठी पुरुषांच्या तिप्पट, राहत्या जागेपासून ५० मीटरच्या आत. कडी आतून लागते का, स्वतः लावून पाहा. नुसत्या दिव्याने भागत नाही. दिव्याखाली टोळकं जमलं की बायका तो रस्ताच सोडतात.

छावणीप्रमुखाकडे यादी नेताना दोघी-तिघी सोबत असू द्या आणि प्रत्येक दुरुस्तीपुढे तारीख लिहून घ्या.